नवीन मोटरहोमची ऑर्डर देतोय, कुठले ऑप्शन घ्यावेत आणि कुठले सोडावेत?

रानभटक्या (पुणे)

नमस्कार मंडळी,

घरात चर्चा करकरून एकदाचं ठरलंय. फोर्स अर्बेनिया व्हॅन, लांब व्हीलबेसवाली (४४०० मिमी), त्यावर मोटरहोम बांधून घ्यायचं. गाडी बुक झाली, बॉडी बिल्डर ठरला आणि आता त्याने ऑप्शनची यादी हातात दिलीये. रूफ एसी, सोलर, लिथियम, जनरेटर, ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छप्पर), किचन मागे की मधे, टॉयलेट फिक्स की कॅसेट, बाहेरचा शॉवर, टीव्ही, रिक्लायनर, छताला रंगीत लाईट... प्रत्येकापुढे टिक करायची चौकट आणि शेवटी सही. ड्रॉइंग फायनल झालं की पत्रा कापायला घेणार, त्यानंतर मोठे बदल नाहीत असं त्याने स्वच्छ सांगितलंय आणि ते मला पटलं पण.

आम्ही चौघं. मी, बायको, यंदा दहावी संपवणारी मुलगी आणि आई. आईचे गुडघे दुखतात पण फिरायची हौस आम्हा तिघांपेक्षा जास्त. वापर म्हणाल तर शनिवार-रविवार कोकण नाहीतर वाई-कास पट्टा, दिवाळीत गुजरात-राजस्थान, आणि एकदा तरी स्पिती करायचंच.

मी त्या यादीचे सरळ दोन भाग पाडले. जे पत्र्यात, जमिनीत किंवा भिंतीच्या आत जातं ते एका बाजूला, आणि जे नंतर स्क्रूने लावता-काढता येतं ते दुसऱ्या बाजूला. माझं ठाम मत झालंय की पहिल्या भागात हात आखडायचा नाही आणि दुसऱ्या भागातलं जवळजवळ सगळं सोडून द्यायचं, वर्षभर गाडी वापरल्यावर काय लागतं ते आपोआप कळेल. म्हणजे इन्सुलेशन, खिडक्या, टाक्यांची जागा, सीटचे अँकर, सीटबेल्ट, वायरिंगच्या नळ्या, गॅसचा कप्पा, टॉयलेटचं बाहेरचं झाकण हे सगळं आत्ताच. टीव्ही, ऑनिंग, रिव्हर्स कॅमेऱ्याचा मोठा स्क्रीन, मागचा सायकल कॅरिअर नंतर बघू.

लेआउटसाठी बायकोने एक फार चांगली गोष्ट केली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने पूर्ण मापाची गाडी काढली, आतल्या सगळ्या वस्तूंसकट, आणि आईला त्यात फिरायला लावलं. बिल्डरच्या ड्रॉइंगमध्ये टॉयलेटचं दार गल्लीत उघडत होतं. कागदावर ते ठीक दिसतं, पण आई काठी घेऊन तिथे उभी राहिली तर दार उघडायला तिला मागे सरकावं लागतं आणि मागे गॅसचा ओटा. लगेच सरकतं दार करून घेतलं. बेडच्या कडेची उंची पण तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर उशा रचून ठरवली, आईचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून. ऑर्डर देणाऱ्या प्रत्येकाने हे करावंच.

तर आता प्रश्न: १) एसी रात्रभर बॅटरीवर चालेल का, बिल्डर म्हणतो आरामात चालेल. २) टॉयलेट कुठलं? ३) गॅस की इंडक्शन? ४) बेड आडवा (गाडीच्या रुंदीत) की उभा (लांबीत)? शिवाय यादीत नसलेलं पण मागून घ्यावं असं काही असेल तर तेही सांगा.

---

श्रावणसर

मस्त धागा! वाचनखूण साठवली. खडूची आयडिया एक नंबर, काकूंना सलाम सांगा.

---

राईनकाठ (जर्मनी)

अभिनंदन! तुमच्या यादीत एक गोष्ट दिसली नाही आणि माझ्या मते ती सगळ्यात आधी यायला हवी, ती म्हणजे वजन.

इकडे मोटरहोम ऑर्डर करताना प्रत्येक ऑप्शनपुढे किंमत असते तसं वजनही लिहिलेलं असतं. त्याचं कारण असं की इथल्या साध्या कारच्या लायसन्सवर ३.५ टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते, त्यामुळे बहुतेक मोटरहोम ३५०० किलोच्या मर्यादेत बसवलेली असतात. त्याच्या वर गेलात की लायसन्स वेगळं लागतं, ऑटोबानवर १०० च्या वर जाता येत नाही, ट्रकसाठीची ओव्हरटेकिंग बंदी लागू होते आणि ऑस्ट्रियात साध्या विन्येटऐवजी (ठरावीक मुदतीचं टोल स्टिकर) किलोमीटरप्रमाणे टोल मोजणारी पेटी लावावी लागते. म्हणून इकडे माणसं पाच-दहा किलोसाठी ऑनिंग घ्यायचं की नाही यावर वाद घालतात. आणि कागदावरच्या वजनाचं पण नीट बघावं लागतं, कारण 'चालवायला तयार' गाडीच्या वजनात ७५ किलोचा ड्रायव्हर आणि ९० टक्के डिझेल धरलेलं असतं, पण पाण्याच्या टाकीत बऱ्याच कंपन्या फक्त २० लिटर धरतात, म्हणजे शंभराची टाकी भरली की ८० किलो तिथेच गेले. वर पाच टक्के कमी-जास्त चालतं, तीन टनांच्या गाडीला ते १५० किलो होतं, म्हणजे दोन धडधाकट माणसं.

भारतात तुमचं लायसन्स ७५०० किलोपर्यंत चालतं, त्यामुळे कायद्याची ही अडचण तुम्हाला नाही. पण टायर, ब्रेक, पाटे आणि क्लच यांना कायदा कळत नाही. गाडीच्या कंपनीने ठरवलेलं एकूण वजन आणि प्रत्येक अॅक्सलची मर्यादा हे दोन्ही आकडे बिल्डरकडून लेखी मागून घ्या. मग त्याला विचारा की तुझं फर्निचर, टाक्या, बॅटऱ्या सगळं धरून रिकामी गाडी किती भरणार. त्याच्याकडे उत्तर नसेल तर तो अंदाजाने बांधतोय असं समजा.

भारतातल्या कामात वजन सगळ्यात जास्त कुठे जातं माहितेय? प्लायमध्ये. १८ मिमीची आठ बाय चारची एक शीट साधारण ३५ किलो भरते. घरातल्या वॉर्डरोबसारखं सगळं १८ मिमीत केलं आणि वर सनमायका, तर आठ-दहा शीटमध्ये तीनशे-साडेतीनशे किलो झाले. कपाटांना ९ किंवा १२ मिमी पुरतं, आत अॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची फ्रेम करायला सांगा. गाडी ताब्यात घेताना वजनकाट्यावर आधी पुढची चाकं, मग मागची, मग पूर्ण गाडी असं तीनदा वजन करा, टाकी भरून आणि चौघं आत बसून. मागच्या चाकांच्या पाठीमागे जेवढं लटकतं त्या भागात पाणी, बॅटरी असं जड काही ठेवू देऊ नका. ११५ पीएसच्या इंजिनाला घाटात प्रत्येक जास्तीचा किलो जाणवतो, चढताना आणि उतरताना तर अजूनच.

---

नवा_भिडू

एक शंका, राग मानू नका. एवढा खर्च करण्याआधी कॅराव्हॅन भाड्याने घेऊन चार दिवस राहून बघितलंत का? आता आपल्याकडे पण मिळतात.

---

रानभटक्या

राग कसला, बरोबरच आहे. हो, भाड्याने घेऊन फिरलोय, आईसकट. त्यातूनच ही गाडी घ्यायचं पक्कं झालं. सरकत्या काचांच्या खिडक्या नकोत हेही तिथेच कळलं, रात्री पाऊस आला की काच बंद करावी लागते आणि आत घुसमट होते. वरच्या बाजूला बिजागरी असलेल्या, बाहेर ढकलायच्या डबल अॅक्रिलिकच्या खिडक्या घेतोय, त्या पावसात पण थोड्या उघड्या ठेवता येतात आणि आत डासांची जाळी आणि पडदा फ्रेममध्येच असतो.

@राईनकाठ, वजनाचा मुद्दा एकदम पटला. उद्याच बिल्डरला विचारतो.

---

इलेक्ट्रिक_काका (नाशिक)

प्रश्न क्रमांक एकवर येतो. बिल्डर 'आरामात' म्हणाला ना, त्याला वही-पेन घेऊन बसवा आणि हा हिशोब पुढे ठेवा.

१२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२.८ गुणिले २००, साधारण अडीच युनिट. चांगलं इन्सुलेशन असलेल्या गाडीत एक टनाचा इन्व्हर्टर एसी सुरुवातीला हजार वॉट घेईल, गार झाल्यावर चारशे-सहाशेवर येईल. सरासरी पाचशे धरा. आठ तास म्हणजे चार युनिट, इन्व्हर्टरमध्ये जाणारं धरून साडेचार. म्हणजे अशा दोन बॅटऱ्या लागल्या आणि सकाळी त्या जवळजवळ रिकाम्या. फ्रिज, पंप, पंखा अजून धरलेलाच नाही.

आता त्या भरायच्या कशा? छतावर रूफ एसी आणि हॅच सोडून जागा उरते ती चारशे-पाचशे वॉट पॅनलची. पॅनल आडवं झोपवलेलं असतं, त्यामुळे चांगल्या उन्हाच्या दिवशी चारशे वॉटला दीड-दोन युनिट मिळतात. पावसाळ्यात निम्मे पण धरू नका, आणि गाडी आंब्याखाली लावलीत तर विसराच. चालत्या गाडीत अल्टरनेटरवरून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर चारशे वॉटच्या आसपास देतो, पाच तास चालवलीत तर दोन युनिट. म्हणजे रोज पाच तास गाडी चालवून आणि दिवसभर ऊन खाऊन कशीबशी एका रात्रीच्या एसीची भरपाई होते. एका ठिकाणी दोन रात्री राहिलात की संपलं.

म्हणून माझा सल्ला असा. एसी घ्या, पण तो बाहेरच्या विजेवर चालवायचा म्हणून घ्या. एमटीडीसीचं रिसॉर्ट असो, होमस्टे असो की कुणाचं अंगण, १५ अँपिअरचा सॉकेट मिळाला की काम झालं. बॅटरीवर एसी फक्त झोप लागेपर्यंतचे दोन तास. आणि इन्सुलेशनमध्ये आणि छताच्या दोन्ही दिशांनी फिरणाऱ्या पंख्यामध्ये पैसे घाला, तो पंखा तीस-चाळीस वॉटमध्ये रात्रभर चालतो. छत पांढरंच ठेवा. काळ्या रंगाच्या गाड्या फोटोत छान दिसतात, एप्रिलमध्ये नागपूरला उभी करून बघा.

वायरिंगचं नीट लिहून घ्या, कारण हे भिंतीचं पॅनल लागल्यावर दिसत नाही:

२००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर १७० अँपिअरच्या वर ओढतो. बॅटरी ते इन्व्हर्टर केबल कमीत कमी ५० स्क्वेअर एमएम, ७० असली तर उत्तम, लांबी मीटरभराच्या आत, आणि फ्यूज बॅटरीला अगदी खेटून. आपले ऑटो इलेक्ट्रिशियन हेडलाईटच्या सवयीने बारीक वायर टाकतात आणि ती तापते.

२३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पाहिजेच पाहिजे. ढाब्यावरच्या सॉकेटला अर्थिंग असेलच असं नाही, गाडी पत्र्याची आहे आणि पायाखाली ओली जमीन. यात काटकसर नको.

प्रत्येक वायर नळीतून, आणि दोन नळ्या रिकाम्या ठेवून आत दोरा सोडून द्यायचा. एक छतापर्यंत, एक मागच्या दारापर्यंत. उद्या काहीही वाढवायचं झालं तर पॅनल उचकटायला नको.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त पडते म्हणून कुणी सुचवेल, नको म्हणा. १५० अँपिअरची एक पन्नास-साठ किलो भरते, निम्मीच वापरता येते आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते, ती झोपायच्या बेडखाली कोण ठेवणार. लिथियमची एक गोष्ट स्पितीसाठी लक्षात ठेवा, शून्याच्या खाली ती चार्ज करून चालत नाही, चांगला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) असेल तर तो चार्जिंग बंदच करतो. म्हणून बॅटरी गाडीच्या आत, उबदार भागात, जमिनीखालच्या पेटीत नको.

---

चांदण्या_मोजणारी (कोल्हापूर)

आमची ट्रॅव्हलरवर बांधलेली गाडी आहे, बरीच वापरली आहे, त्यावरून सांगते.

टॉयलेट कॅसेटच. यात दुसरा विचार नको. खाली मोठी फिक्स टाकी घेतलीत तर ती रिकामी करायची सोय आपल्याकडे आहे कुठे? परदेशात कॅम्पिंगच्या जागी त्यासाठी खास ठिकाणं असतात, आपल्याकडे शोधत फिरावं लागतं. कॅसेट सूटकेससारखी ओढत न्यायची आणि कुठल्याही संडासात ओतायची. फक्त एक गोष्ट कुणी सांगत नाही. या कॅसेट वीस लिटरच्या आसपासच्या असतात आणि त्या कागद वापरणाऱ्यांच्या हिशोबाने केलेल्या असतात. आपण जेट स्प्रे लावला की एका वेळेला दोन-अडीच लिटर पाणी सहज जातं, चार माणसांत ती दिवसभरात भरते. आम्ही जेट काढून टाकला आणि छोटी बाटली ठेवली, अर्ध्या लिटरात काम होतं. आणि दुसरी रिकामी कॅसेट जास्तीची घ्या, तिच्यासाठी डिकीत बंद होणारा कप्पा आत्ताच ड्रॉइंगमध्ये टाका. कॅसेट बाहेरून काढायचं झाकण डाव्या बाजूला येईल असं बघा, म्हणजे रस्त्याकडेला थांबलात तर अंगावर गाड्या येणार नाहीत.

पाणी: शंभर-सव्वाशे लिटरची टाकी चौघांना दोन दिवस पुरते, पण शॉवर सोडून. बादलीत दहा लिटर घेऊन अंघोळ करायची सवय लावा. टाकी भरायचं तोंड मोठं पाहिजे, हाताला येईल अशा उंचीवर, वीस लिटरचा जार उचलून ओतता आला पाहिजे. बिल्डर फक्त पाइपचं कनेक्शन देतात आणि आपल्याकडे प्रत्येक नळाचा आटा वेगळा. टाकीच्या आत हात जाईल एवढं झाकण मागा, नाहीतर सहा महिन्यांनी आत जे शेवाळ धरतं ते साफ कसं करणार? प्यायचं पाणी वेगळ्या जारमध्ये.

किचन दाराजवळ ठेवा. फोडणीचा धूर आणि वास दार उघडलं की जातो. मागे बेडपाशी किचन असेल तर पांघरुणांना महिनाभर लसणाचा वास येतो. ओट्याच्या कडेला दोन इंच उंच पट्टी, नाहीतर आंबेनळी घाटात सगळं खाली.

आणि आईंसाठी: चढायची पायरी. विजेवर बाहेर येणारी एक पायरी मिळते, पण जमीन ते पायरी अंतर मोजा. आम्ही दोन पायऱ्यांची घेतली आणि दाराच्या आतल्या बाजूला उभं हँडल, तेही पॅनलला नाही तर आतल्या पत्र्याच्या फ्रेमला बोल्ट केलेलं. असंच हँडल टॉयलेटमध्ये. भिंतीच्या आत लोखंडी पट्टी आधीच ठेवली तरच नंतर कुठेही हँडल लावता येतं, हे ऑर्डरमध्ये लिहून द्या.

---

टेक्सासवासी

ताईंच्या पट्टीच्या मुद्द्याला +१. इकडे व्हॅन बांधून घेताना लोक भिंतीच्या आत कुठे कुठे आधाराच्या पट्ट्या आहेत त्याचे पॅनल लागायच्या आधी फोटो काढून ठेवतात, शेजारी टेप धरून, मापं दिसतील असे. वायरी आणि पाण्याच्या नळ्यांचे पण. काम चालू असताना दर आठवड्याला वर्कशॉपला जाऊन हे फोटो तुम्ही स्वतः काढा.

बेडबद्दल: आडवा बेड घेतला तर जागा खूप वाचते पण आतली रुंदी मोजा. बाहेरून गाडी सात फुटांच्या आतच आहे, इन्सुलेशन आणि पॅनल लागल्यावर दोन्ही बाजूंनी अजून जागा जाते. सहा फूट उंच माणसाला पाय दुमडूनच झोपावं लागणार. आणि भिंतीकडे झोपलेल्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून. आई तुमच्याबरोबर असणार तर त्यांच्यासाठी खालचा उभा सिंगल बेड, ज्याच्यावरून थेट टॉयलेटला जाता येईल.

---

इलेक्ट्रिक_काका

गॅस-इंडक्शनचं राहिलं. मी इंडक्शनवाला. चहाचं एक लिटर पाणी उकळायला ०.१ युनिटच्या आसपास, दोन वेळचा साधा स्वयंपाक एका युनिटमध्ये बसतो. एसीपुढे हे काहीच नाही. गॅसची भानगड कशाला?

---

चांदण्या_मोजणारी

काका, मला नाही पटत. तीन दिवस ढग आले की तुमचं एक युनिट पण जड जातं. आणि भाकरी? ती आचेवर फुगते तशी इंडक्शनवर नाही फुगत, प्रवासात गरम भाकरी-पिठलं मिळावं म्हणून तर गाडी घेतली आम्ही. दोन्ही ठेवा. एक बर्नर गॅसचा, पाच किलोचा छोटा सिलिंडर, आणि एक इंडक्शन. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर मात्र गाडीत अजिबात नको.

---

इलेक्ट्रिक_काका

भाकरीपुढे माघार :) पण मग गॅसचा कप्पा नीट पाहिजे. गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूने पूर्ण सील, बाहेरून उघडणारा, आणि तळाला कायम उघडं भोक जे थेट जमिनीकडे जातं. ओट्याखालच्या कपाटात सिलिंडर ठेवतो म्हणणाऱ्या बिल्डरला नाही म्हणा. गॅस डिटेक्टर जमिनीजवळ, आणि डिझेल हीटर घेणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म झोपायच्या उंचीवर. हे दोन वेगळे अलार्म आहेत, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

---

गाडीचा_कागद

मंडळी, लाकूडकाम आणि बॅटरीवर एवढं झालं, कागदांवर कुणीच नाही बोललं आणि घोडं तिथेच पेंड खातं.

मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं स्टँडर्ड आहे. बिल्डरला पहिला प्रश्न हा विचारा की त्याचं डिझाइन त्याप्रमाणे मान्य झालंय का, आणि मान्यतेची प्रत दाखव. तुम्ही पुण्याचे, एआरएआयची (वाहनं तपासणारी संस्था) टेकडी रोज दिसत असेल, ही मंजुरीची कामं तिथे होतात. बॉडी वेगळी बांधली जाते तेव्हा फॉर्म २२-ए लागतो, पहिला भाग गाडीची कंपनी देते, दुसरा बॉडी बिल्डर. दुसरा भाग देणार का हे अॅडव्हान्स देण्याआधी.

कोरी व्हॅन आधी आपल्या नावावर पासिंग करून मग आत फर्निचर ठोकायचं, हा रस्ता बरेच जण सुचवतात. धरू नका. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलंय. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं.

आणि म्हणूनच कस्टम फीचर मागताना जरा भान ठेवा. मान्य झालेल्या डिझाइनमध्ये सीट किती, कुठे, बेल्टचे अँकर कुठे हे ठरलेलं असतं. 'भाऊ, इथे अजून एक आडवी सीट टाकून द्या' म्हटलं आणि त्याने टाकली तर ती कागदावर नाही. पडदे, कपाटं, रंग यात हवं ते करा. सीट, बेल्ट, इमर्जन्सी एक्झिट, छताची कापाकापी यात नाही. बाजूला तोंड करून बसायचा सोफा गाडी उभी असतानाच वापरायचा, चालत्या गाडीत चौघंही पुढे तोंड असलेल्या, थ्री-पॉइंट बेल्टच्या सीटवर.

विमा घेताना गाडीचं बिल आणि बांधणीचं बिल दोन्ही जोडा, आयडीव्हीमध्ये (विम्यात धरलेली गाडीची किंमत) बांधणीची किंमत यायला हवी. बिलात 'इंटिरियर वर्क' एवढंच मोघम नको, बॅटरी, एसी, फ्रिज सगळं मेक आणि मॉडेलसकट. पैसे टप्प्याटप्प्याने: इन्सुलेशन दाखव, मग पुढचा हप्ता. वायरिंग उघडं असताना दाखव, मग पुढचा. शेवटचा मोठा हप्ता आरसी हातात आल्यावर.

---

श्रावणसर

हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा आहे.

कोकणातली असल्यामुळे माझी एकच भर. इन्सुलेशनला काचलोकर नको, ओल धरून बसते आणि आतून पत्रा खाते. बंद पेशींचा फोम किंवा नायट्राइल रबराची शीट पत्र्याला पूर्ण चिकटवलेली. प्लाय मरीन ग्रेडचा, कापलेल्या कडा पण सील केलेल्या. आणि छताला भोकं जितकी कमी तितकी बरी. आमच्याकडचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो.

---

रानभटक्या

सगळ्यांचे मनापासून आभार. बिल्डरकडे जाऊन आलो, काय ठरलं ते लिहितो.

वजनाचं विचारल्यावर त्याने आधी टाळाटाळ केली, मग दुसऱ्या दिवशी आकडे पाठवले. १८ मिमी प्लाय सगळीकडे होता. आता फक्त बेडच्या पाट्याला १२ मिमी, कपाटं ९ मिमी, आत अॅल्युमिनियम फ्रेम. रिक्लायनर काढून टाकले, त्यांचं वजन बघून मलाच धक्का बसला. जनरेटर पण काढला. पेट्रोल आत ठेवायचं हे मला आधीपासूनच पटत नव्हतं, आणि शांत जागी जाऊन इंजिनचा आवाज ऐकायचा तर जायचं कशाला.

एसी राहिला, पण बाहेरच्या विजेसाठी. दोन २०० अँपिअरच्या बॅटऱ्या मागच्या चाकांच्या पुढे, आतच. सोलर सुरुवातीला चारशे वॉट. छतापर्यंत आणि मागच्या दारापर्यंत दोन रिकाम्या नळ्या दोऱ्यासकट, हे ड्रॉइंगवर लाल पेनने लिहून त्याची सही घेतली. पाण्याची टाकी १२० लिटर, दोन चाकांच्या मधे, हात जाईल असं झाकण. कॅसेट टॉयलेट, झाकण डावीकडे, जास्तीच्या कॅसेटचा कप्पा.

बेड: आईचा खालचा उभा, टॉयलेटच्या समोर. आमचा मागे आडवा, मी पाच फूट सात आहे त्यामुळे बसतोय, मोजून बघितलं. मुलीचा बेड बैठकीच्या सीट जोडून होतो.

मान्यतेची प्रत मागितली तेव्हा मला वाटलं होतं आता फाटे फुटणार, पण त्याने फाइल काढून समोर ठेवली. त्याच्या डिझाइनमध्ये पाच सीट मान्य आहेत, आम्हाला चारच हव्यात, तरी पाचवी ठेवा म्हणाला. यावर काय करावं?

---

गाडीचा_कागद

ठेवा. जे मान्य आहे त्यात कमी-जास्त नको, आणि बेल्ट असलेली जास्तीची सीट कधी ना कधी लागतेच.

---

राईनकाठ

रिक्लायनर काढलेत ते उत्तम केलंत. एक राहिलं: स्टेपनी आणि जॅक. टाक्या आणि पायरी लागल्यावर स्टेपनीपर्यंत हात जातो का, आणि भरलेल्या गाडीच्या वजनाला तो जॅक पुरतो का? ताब्यात घ्यायच्या दिवशी वर्कशॉपमध्येच एक मागचं चाक स्वतः काढून परत लावून बघा.

---

रानभटक्या

हे ड्रॉइंगमध्ये खरंच बघितलं नव्हतं. स्टेपनी खाली मागे आहे आणि सांडपाण्याची टाकी तिच्या अगदी पुढ्यात दाखवलीये. आत्ताच फोन करतो, पत्रा सोमवारी कापायला घेणार आहेत.